चार वर्षं बायकोच्या तपासण्या, आणि कारण माझ्या जन्माआधीचं?

पांढरं सोनं (धागाकर्ता)

आजवर इथे मी केळीचे भाव आणि बोंडअळी एवढ्यावरच लिहिलंय. आज वेगळं लिहितो. चोपडा तालुका, वय ३४, एवढी ओळख पुरे.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. पहिली चार वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच. नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली. मग 'फॉलिकल स्टडी', अंडं वाढतंय का ते सोनोग्राफीत बघायचं, म्हणजे पाळीच्या नवव्या दिवसापासून एक दिवसाआड जळगाव. सकाळची एसटी, तीन तास रांग, आत चार मिनिटं. नळ्या उघड्या होत्या, अंडं दर महिन्याला फुटत होतं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात कोणाचाच चेहरा खुलायचा नाही. नॉर्मल म्हणजे अजून कारण सापडलं नाही, म्हणजे पुढच्या महिन्यात परत एसटी. कानबाईला नवस झाला, एकाच्या सांगण्यावरून सहा महिने कसली तरी पावडर झाली. तीही तिनेच खाल्ली.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?"

माझ्या वीर्यात एकही शुक्राणू नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना दिला, यंत्रात फिरवून तळाचा थेंब पाहिला, तरी नाही. रक्तातलं एफएसएच नावाचं संप्रेरक २२, म्हणजे जास्त. तपासताना त्यांना जांघेतले दोन जुने व्रण दिसले. कसलं ऑपरेशन, म्हणून विचारलं. मी म्हटलं हर्निया, कारण मला घरी तेच सांगितलेलं. बाहेर येऊन आईला फोन लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या गोळ्या खाली नव्हत्या रे. नवव्या वर्षी उतरवून घेतल्या." गावातल्या दाईने तिला सांगितलं होतं, पोरगा सात वर्षांचा झाला की आपोआप उतरतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्या तुम्ही आईच्या पोटात असतानाच आलेल्या असतात, आणि तुमच्या बाबतीत त्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच झाली असावी. मी मान हलवली, पण समजलं नाही. वीर्य तर रोज नवीन बनतं ना? मग जन्माआधीच्या पेशींचा संबंध काय? कोणी शेतकऱ्याला कळेल असं सांगेल का?

भुसावळ जंक्शन

भाऊ, हे लिहायला छाती लागते. मी पुण्यात नोकरीला आहे, माझ्या ऑफिसात इतकी शिकलेली माणसं, पण स्वतःची तपासणी करायची म्हटलं की 'पुढच्या महिन्यात बघू'. वाचतोय.

रोकठोक रावेरकर

कारण साधं आहे. फवारण्या. पूर्वी असं काही ऐकलं होतं का? विष खातोय आपण. बाकी डॉक्टर लोक पैसे काढायला काहीही सांगतात.

खान्देशी भो

भाऊ, आमना गावमा लगीन व्हयनं का दोन वरीसमा बाईले दवाखानामा लई जातस. मानूसले इचारानी कोनी छाती व्हत नही. तू सोता लिखं, लई भारी.

गिरणाथडी

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवून निवृत्त झालोय. उपचाराचा सल्ला देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. 'समजलं नाही' एवढ्यापुरतं लिहितो. लांबेल.

आपल्याकडे ज्वारीची मळणी व्हायच्या आधी एक काम व्हायचं. खळ्यावर कणसं आली की त्यातली टपोरी कणसं निवडून बियाण्यासाठी वेगळी बांधायची. बाकीच्याची भाकरी होते, या जुडीला कोणी हात लावत नाही. शरीरही तेच करतं, आणि फार लवकर करतं. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे बाईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असताना, काही मोजक्या पेशी बाजूला काढल्या जातात. अजून हृदयाचा ठोकाही नीट बसलेला नसतो. उंदराच्या गर्भात अशा पेशी सुरुवातीला साधारण ४० मोजल्या गेल्यात. यांना आदिजननपेशी म्हणायचं. हात, पाय, यकृत, मेंदू, सगळं बाकीच्या पेशींतून घडतं. या मात्र पुढच्या पिढीसाठी राखीव.

गंमत अशी की त्या गर्भाच्या आत नसतातच. गर्भाला लागून पीतक कोश नावाची पिशवी असते, तिच्या भिंतीत त्या बसलेल्या असतात. अंडाशय किंवा वृषण (तुमच्या आई म्हणाल्या त्या गोळ्या) जिथे व्हायचं ती जागा गर्भाच्या पाठीकडे, मूत्रपिंडाच्या शेजारी. मग चौथ्या ते सहाव्या आठवड्यात या पेशी चालत निघतात. चालत हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, अमीबासारखे पाय काढून त्या खरोखर सरकतात. आतड्याच्या मागच्या भागाच्या भिंतीतून वर, तिथून पाठीच्या कडेला. वाटेवरच्या पेशी रासायनिक खुणा सोडतात, त्या हुंगत जायचं. सगळा गर्भ तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण पेशीच्या मापाने ही पायी वारीच. चालता चालता त्या वाढतही असतात आणि आपल्या डीएनएवर बसलेल्या जुन्या खुणा पुसत जातात, कोरी पाटी करत. ज्या वाट चुकतात त्या बहुतेक मरतात.

मुक्कामी पोचल्यावर ठरतं, अंडं व्हायचं की शुक्राणू. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचा जनुक असतो, तो १९९० मध्ये सापडला. तो असला तर सहाव्या-सातव्या आठवड्यापासून त्या जागेचं वृषण बनू लागतं आणि आलेल्या पाहुण्यांना तिथलं वळण लागतं. नसला तर अंडाशय.

आता तुमचा प्रश्न. वीर्य रोज नवीन बनतं हे बरोबर. एक शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि कारखाना म्हातारपणापर्यंत चालू राहतो. पण कारखान्याचं बियाणं म्हणजे त्याच चालत आलेल्या पेशींची संतती. ते संपलं तर पेरणार काय? वाफा तयार, पाणी आहे, पण बीच नाही. मेंदू बिचारा जोर लावत राहतो, 'पेरा, पेरा'. तुमचं एफएसएच २२ म्हणजे तो आरडाओरडा.

तुमच्याकडे दुसरा प्रवास अडला. पेशी पोचल्या, पण वृषणाला स्वतःलाही प्रवास करायचा असतो, मूत्रपिंडाजवळून पोट उतरत जांघेतून खाली पिशवीत. शेवटचा टप्पा गर्भाच्या सातव्या ते नवव्या महिन्यात होतो. म्हणून दिवस पुरे भरून जन्मलेल्या शंभर मुलांत दोन ते चार जणांत एखादं वृषण खाली नसतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ते प्रमाण तिसापर्यंत जातं. पिशवी शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी थंड असते आणि या पेशींना तोच गारवा लागतो. जन्मानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास मुलग्याच्या अंगात संप्रेरकांची एक छोटी लाट येते. तिच्या जोरावर गर्भातल्या पेशींचं कायमच्या बियाणे-पेशींत रूपांतर होतं. वृषण वर उबेत अडकलेलं असेल तर हे रूपांतर अर्धवट राहतं आणि पेशी एकेक करून गळतात. म्हणून आता सहा महिने वाट पाहायची, त्यानंतर आपोआप उतरायची आशा फारशी नसते, आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करायची. नवव्या वर्षी तुमची वृषणं जागेवर आली, पण तोवर जुडीतली बरीच कणसं किडली होती.

एका बाजूचं असतं तर बहुतेक पुरुष इतरांसारखेच बाप होतात. दोन्ही बाजूंचं असलं तर अंदाजे तिघांतले दोघे.

सरकी

सरांनी छान सांगितलं. मला वेगळंच बोलायचंय. आमच्याकडे म्हैस दोनदा उलटली तर तिसऱ्यांदा रेडा बदलतात. कोणी म्हशीची दुर्बीण करत नाही. बाईच्या वेळी ही अक्कल कुठे जाते? माझ्या नणंदेने आठ वर्षं 'वांझ' ऐकलं. डोहाळजेवणाला गेली तर बायका ओटी भरायला तिला मागे ठेवायच्या. नंदोईंचा काउंट शेवटपर्यंत तपासला नाही, ते शेतात ट्रॅक्टर चालवतात, मिशा आहेत, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

धागाकर्ते, राग नका मानू, पण वहिनींना आता कोण काय म्हणतं ते लिहा.

पांढरं सोनं

राग नाही. घरी जाऊन मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की दोष माझ्यात आहे. वडील ताटावरून उठले. बायको रात्री म्हणाली, "दोष म्हणू नका, तुम्ही काय केलं होतं?" ती चार वर्षं स्वतःबद्दल हे वाक्य ऐकायला थांबली होती, आणि तिने ते मला दिलं. यावर जास्त लिहवत नाही.

सर, एकच. 'गळतात' म्हणजे सगळ्या गळतात का?

गिरणाथडी

सगळ्या गळाल्याच असं नाही. कधीकधी वृषणाच्या एखाद्या कोपऱ्यात नळ्यांचं छोटं बेट जिवंत असतं. शुक्राणू तिथेच संपतात, वीर्यात पोचत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून फुगीर नळ्या शोधतात, मायक्रोटेसे म्हणतात त्याला. निम्म्याच्या आसपास पुरुषांत काहीतरी सापडतं, आणि तुमच्यासारखा न उतरलेल्या वृषणाचा इतिहास असेल तर शक्यता जरा जास्त असते. सापडले तर एक शुक्राणू एका अंड्यात सुईने सोडायचा. त्याआधी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या तुकड्यांची तपासणी मात्र करून घ्या. वायवरचा 'ए' पट्टा पूर्ण गळालेला असेल तर शुक्राणू मिळत नाहीत, तेव्हा शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्रास वाचतो. 'सी' पट्टा गळालेला असेल तर मिळू शकतात, पण मुलगा झाला तर तोच तुकडा त्यालाही गळालेलाच जाणार.

आणखी एक, हे टाळू नका. न उतरलेल्या वृषणात पुढे कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. स्वीडनमध्ये हजारो पुरुषांचा पाठपुरावा करून २००७ मध्ये आकडे आले. १३ वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत धोका दुपटीहून किंचित जास्त, त्यानंतर झालेल्यांत पाचपटीच्या वर. मुळात हा आजार विरळ आहे, त्यामुळे घाबरायचं नाही. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हाताने चाचपायचं, कडक गाठ लागली तर सर्जनला दाखवायचं.

आणि 'काउंट वाढवायला' जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नका. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने आहे ते उत्पादनही बंद पडतं.

सातपुडा पायथा

सर, 'ज्या वाट चुकतात' वरून आठवलं. माझ्या मावशीच्या पोटातून (तळोद्याकडची) वीस वर्षांपूर्वी गोळा काढला. त्यात केस होते, लांब, तेलकट, आणि दोन दात. डॉक्टरांनी काकांना ट्रेमध्ये दाखवलं आणि काका तिथेच खाली बसले. गावात बोभाटा झाला, करणी केली, कोणीतरी केस खाऊ घातले. एका बाईवर आळ आला, तिचं गावात राहणं मुश्किल झालं. भगताने कोंबडं, नारळ, सगळं घेतलं. याचा या पेशींशी संबंध आहे का?

गिरणाथडी

सरळ संबंध आहे, आणि बरं झालं विचारलंत.

ज्या पेशीतून अख्खं माणूस घडू शकतं, तिच्यात कातडी, केस, दात, चरबी, सगळं घडवायची कुवत असते. अंडाशयातली एखादी अंडपेशी शुक्राणूशिवायच, चुकीच्या वेळी, विभागायला लागली की अर्धवट ऊतींचा गोळा तयार होतो. त्यातला तेलकटपणा कातडीतल्या तेलग्रंथींचा. डर्मॉइड म्हणतात. अंडाशयाच्या गाठींमध्ये हा प्रकार नेहमीचा, मी शिकवताना बरणीत ठेवलेले किती दाखवलेत त्याची गणती नाही. बहुतेक वेळा साधी गाठ असते, काढली की विषय संपला. केस तिने गिळले नव्हते, तिच्याच बीजातून उगवले होते. ज्या बाईवर आळ आला तिला कोणी हे सांगितलं असेल तर बरं.

प्रवासात वाट चुकलेल्या पण न मेलेल्या पेशींपासूनही गाठी होतात असं मानतात. म्हणून अशा गाठी शरीराच्या मधल्या रेषेवर, छातीत किंवा माकडहाडापाशी सापडतात. नवजात बाळाच्या ढुंगणापाशी मोठी गाठ घेऊन लोक धुळ्याला, नाशिकला धावतात, त्यातल्या काही याच.

केळीचं पान

विषयांतर आहे पण राहवत नाही. आमची केळी तर बीच नाही, तरी पिढ्यान् पिढ्या चालू. मुनवा (कंदाला फुटलेला कोंब) लावला की झाड. मग माणसाला एवढी आधीपासून जुडी बांधायची गरज काय?

गिरणाथडी

फैजपूर-सावद्याकडचे दिसताय! विषयांतर नाही, उलट मला वर्गात हा प्रश्न कोणी विचारावा असं फार वाटायचं.

वनस्पती अशी जुडी आधी बांधतच नाहीत. झाड आधी पानं, खोड करत राहतं आणि फुलायची वेळ आली की त्याच शेंड्यातल्या पेशींतून बीजपेशी काढतं. म्हणून कंदातून, फांदीतून, टिश्यू कल्चरच्या बाटलीतून अख्खं झाड उठतं. माणसाच्या बोटातून माणूस उठत नाही. आपल्याकडे राखीव जुडी गेली की गेली.

केळीला बी का नाही, हेही याच दुकानातलं. तिच्यात गुणसूत्रांचे ११-११ चे तीन संच, एकूण ३३. बीजपेशी करताना जोड्या लावून निम्मे करायचे असतात, तीन जण असले की जोडी लागत नाही. अर्धगुणसूत्री विभाजन तिथेच फसतं. म्हणजे रावेरची अख्खी केळीबाग वैद्यकीय भाषेत वंध्यच, आणि तिच्यावर तालुका जगतो.

रोकठोक रावेरकर

केळीवर आला म्हणून बोलतो. माझ्या मूळ मुद्द्याला बगल दिली सरांनी. फवारण्यांचं काय?

गिरणाथडी

बगल नाही, क्रम होता. तुमचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगार आपापसांत बोलताना लक्षात आलं की कोणालाच मुलं होत नाहीत. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू शून्य. हेच औषध मध्य अमेरिकेतल्या केळीबागांत वापरलेलं, तिथल्या मजुरांनी वर्षानुवर्षं खटले लढवले. तेव्हा रसायनाने बियाणं जळू शकतं हे सिद्ध आहे.

पण त्यावरून 'सगळं फवारणीनेच' असं होत नाही. धागाकर्त्यांच्या जांघेत दोन व्रण आहेत, कारण समोर आहे. गर्भावर रसायनांचा परिणाम उंदरांत दिसतो, माणसात तो इतका सरळ दाखवता आलेला नाही. एक मात्र निक्षून सांगेन. गरोदर बाईने फवारणीच्या वावरात जाऊ नये, औषध कालवू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत. आणि मशेरी. आपल्याकडे आयाबाया गरोदरपणातही सकाळी मशेरी लावतात, त्याने बाळाचं वजन घटतं. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या गर्भात जननपेशींची संख्या कमी दिसलेली आहे. तंबाखू ती तंबाखूच.

रोकठोक रावेरकर

मशेरीचं मान्य. आमची आजी आठवली. फवारणीवर मी माझं मत राखून आहे.

निंबाची सावली

तीन दिवस वाचतेय, आज लिहिते. शहाद्याकडची, आता नाशिकला. वय ३१. पाळी आधी लांबली, मग चार-चार महिने नाही. सगळे म्हणाले टेन्शन. एएमएच तपासलं तर ०.१. डॉक्टर म्हणाले अंड्यांचा साठा संपत आलाय. ३१ व्या वर्षी? मी तर कधी गोळी घेतली नाही, कधी गर्भ पाडला नाही. सासूबाईंनी हे दोन्ही विचारून झालं. आईची पाळी ३८ ला गेली होती, तेव्हा घरात सगळे 'सुटली बाई' म्हणाले होते. सर, बाईची जुडी कशी असते?

गिरणाथडी

ताई, बाईची जुडी नाही, कणगी असते. एकदाच भरते आणि जन्माच्या आधीच भरते. तुम्ही आईच्या पोटात पाच महिन्यांच्या होतात तेव्हा तुमच्या अंडाशयांत साधारण ६० ते ७० लाख बीजपेशी असणार. तो उच्चांक. तिथून नुसती उतरण. जन्माच्या वेळी १० ते २० लाख, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात फक्त ४०० ते ५००. बाकीच्या आपोआप विरतात. गोळी घेतली तरी, न घेतली तरी, गरोदर असतानाही. सासूबाईंना हे एवढं वाक्य वाचून दाखवा.

कणगी लवकर संपते त्याच्या वाटा तीनच. भरतानाच कमी भरली, गळती जोरात होती, किंवा मधे कशाने जळाली (केमोथेरपी, रेडिएशन, शस्त्रक्रिया). टर्नर सिंड्रोममध्ये दुसरी वाट स्पष्ट दिसते. अशा मुलींना एक्स गुणसूत्र एकच असतं, गर्भात अंडी तयार होतात, पण बहुतेक जन्माच्या आसपासच विरून जातात. चाळिशीच्या आत साठा संपणं हे शंभरात साधारण एका बाईला होतं. तुमच्या आईची पाळी ३८ ला गेली ही माहिती कागदावर डॉक्टरांना द्या. गुणसूत्रं, एफएमआर-१ नावाच्या जनुकाची तपासणी आणि थायरॉईड, एवढं विचारा. बहीण असेल तर तिलाही सांगा, तिच्या हातात वेळ असू शकतो.

आणि आपलं मूल हवं की नको यापलीकडचं. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं तर हाडं ठिसूळ होतात. निसर्गाने पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन घ्यायचं का, हे डॉक्टरांशी ठरवा. 'सुटली बाई' म्हणून गप्प बसायचं नाही. काही बायकांत मधेच एखादं अंडं फुटतं आणि दिवस राहतात, शंभरात पाच-दहा जणींना. त्या भरवशावर थांबू नका, पण अशक्य म्हणणाराही चूक.

निंबाची सावली

वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग माझ्या पोटातच कणगी भरली होती का माझ्या पोरीची?" म्हटलं हो. त्या बराच वेळ हातातली लसूण सोलत बसल्या.

धन्यवाद सर. बहिणीशी बोलले.

भुसावळ जंक्शन

सर, चाळिशीनंतरच्या मुलांत डाऊन सिंड्रोम जास्त म्हणतात तेही याचमुळे का? ऑफिसमधल्या एका ताईंसाठी विचारतोय.

गिरणाथडी

हो. बीजपेशी निम्मी होण्याची क्रिया मुलगी गर्भात असतानाच सुरू होते आणि मधेच थांबते, ती थेट अंडं फुटायच्या वेळी पुढे सरकते. म्हणजे ४० व्या वर्षी फुटणारं अंडं चाळीस वर्षांहून जास्त काळ अर्ध्या वाक्यावर थांबलेलं असतं. गुणसूत्रं एकत्र धरून ठेवणाऱ्या कोहेसिन नावाच्या कड्या गर्भातच बसवलेल्या, त्या झिजतात. वाटणी चुकते. २५ व्या वर्षी साधारण साडेबाराशे बाळांत एक, चाळिशीत शंभरात एक. त्या ताईंना सांगा की शंभरातली नव्व्याण्णव तशी नसतात, आणि तिसऱ्या महिन्यात तपासणी होते.

कळण्याची भाकर

प्रयोगशाळेत अंडी बनवायला लागलेत म्हणे जपानमध्ये? वाट पाहावी का?

गिरणाथडी

उंदरात. २०१६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी मूळपेशींपासून बशीत अंडी तयार करून पिल्लं जन्माला घातली. माणसात अजून तिथवर गेलेलं नाही. यावर लग्नाचा मुहूर्त लांबवू नका.

सिस्टरताई

मी उपकेंद्रात पंचवीस वर्षं काम केलं, यावल तालुक्यात. सगळं मोठमोठं झालं, माझं लहानसं.

मुलगा झाला की आपण पिशवी बघतो का? वजन बघतो, रडला का बघतो, मुलगा आहे म्हणून पेढे वाटतो. पेढे ज्याच्यामुळे वाटले तिथे दोन गोळ्या आहेत का हे कोणी बघत नाही. बघायची रीत सांगते. खोली उबदार हवी. बाळ शांत हवं, दूध पिऊन झालेलं. आणि आपले हात गरम. हे महत्त्वाचं, थंड हात लागला की गोळी वर पळते आणि नाहीच असं वाटतं. डाव्या हाताने जांघेपासून हळू खाली सरकवत आणायचं, उजव्या हाताने पिशवीत धरायचं. खाली येते, थोडी थांबते, मग वर जाते, तर बहुधा काळजी नाही, फक्त दरवर्षी दाखवत राहायचं. येतच नाही, किंवा सोडताक्षणी वर जाते, तर सहा महिने पूर्ण झाले की बालशल्यचिकित्सकाकडे. दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल तर सहा महिने थांबू नका, जन्मल्या जन्मल्याच डॉक्टरांना सांगा, त्यामागे दुसरं काही असू शकतं.

तेल लावणारी बाई रोज बाळाला हाताळते. तिला एकदा शिकवलं तर आमच्यापेक्षा ती आधी सांगेल. मी आमच्या गावात दोघींना शिकवलं होतं. दाईला नावं ठेवून उपयोग नाही, तिला जे कळलं होतं ते तिने सांगितलं. मला तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठे माहीत होतं?

सरकी

ताई, हे छापून अंगणवाडीत लावायला पाहिजे. माझा पुतण्या दोन महिन्यांचा आहे, उद्याच बघायला लावते.

पांढरं सोनं

दहा दिवसांनी येतोय. गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल आला, वायचा अजून यायचाय. तो आला की मायक्रोटेसेचं ठरवू. बायको म्हणते एकदा करून बघू, नाही तर दत्तकाच्या यादीत नाव टाकू. वडील अजून माझ्याशी पिकापलीकडे बोलत नाहीत. पण मागच्या रविवारी भरीत केलं होतं, तेव्हा 'तिला अजून एक भाकर दे' म्हणाले. तिला म्हणजे सुनेला.

सिस्टरताईंचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. मी फोन करून विचारल्यापासून ती माझ्याकडे नीट बघत नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाली, परत वाच. बहीण बाळंतपणाला आमच्याकडेच आली होती, अजून इथेच आहे, बाळ पाच महिन्यांचं. आईने त्याला दूध पाजून होईपर्यंत वाट पाहिली. खिडकी लावली. मग चुलीपाशी जाऊन दोन्ही हात धरून बसली, गालाला लावून पाहिले, परत धरले. बहीण म्हणाली, आई, पुरे की. आई म्हणाली, थांब.

उजवी खाली आहे. डावी नाही. पुढच्या महिन्यात त्याला सहा पूर्ण होतील, जळगावची वेळ घेतली आहे.

सिस्टरताई

जाताना बाळाच्या जन्माचं कार्ड न्या. दिवस पुरे भरले होते का ते विचारतील.